आईचं पहिलं ‘नको’

ता. ९ फेब्रुवारी

ती. स्व. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणून मीच लिहिते. इकडे सगळं ठीक. यांचा खोकला गेला, आता घरात फक्त यांची मतं राहिली आहेत. माझी ड्यूटी तीच. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, ट्रेमध्ये लावायची, कपड्यात गुंडाळून वाफेच्या भट्टीत घालायची. गुंडाळीवरची खुणेची पट्टी वाफेनं काळी पडल्याशिवाय मी ट्रे कुणाच्या हातात देत नाही, म्हणून नवीन नर्सेस मला मागे काय म्हणतात ते मला माहीत आहे.

काल धाकट्यानं फोटो पाठवला. बोटीच्या कठड्याला टेकून कुणीतरी बाई उभी, पिवळा रेनकोट, केस मानेपर्यंत कापलेले, तोंड उघडून हसतेय. म्हटलं ही कोण बया? खाली लिहिलं होतं, ‘आई परदेशात!’ आई, मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि पहिलं काम काय केलं तर धुतलेल्या कात्र्या परत धुतल्या.

बाबा गेल्यापासून दर वर्षी मी तुला विचारतेय, चल, दोघी कुठेतरी बाहेरच्या देशात जाऊन येऊ. दर वर्षी तू म्हणतेस, नको गं, या वयात कुठे. मी पुन्हा विचारत नाही. कारण तूच आम्हाला तसं वाढवलंस. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ड्यूटीवर असताना ट्रंक कॉलची तीन मिनिटं झाली की तू लाइनवर जाऊन विचारायचीस, वेळ वाढवायची का? माणूस नको म्हणाला की पिन काढून मोकळी. दुसऱ्यांदा विचारायचं नाही, मागे दहा जण खोळंबलेत. घरीही तेच. आणखी वाढू का, एकदाच. धाकटा लाजून नको म्हणायचा आणि अर्धपोटी उठायचा, पण तू पातेलं परत आणलं नाहीस. मी तुझा नियम पाळला. आणि धाकट्याची ती काल आलेली बायको तुला बोटीत बसवून फिरवून आणते!

तब्येतीला जप. रेनकोट कुणाचा आहे तेही कळव.

लोभ आहेच, त्यातला थोडा इकडेही वळवावा.
तुझी,
बयो

•

ता. १६ फेब्रुवारी

चि. बयोस,
अ. उ. आ.

तुझं पत्र हातात धरलं तर चटका बसेल असं होतं. रेनकोट धाकटीचा. हसतेय कारण माझी टोपी उडून एका पोलिसाच्या बुटावर पडली आणि त्यानं ती उचलून मला सलाम ठोकला.

फोनवर हे सगळं सांगता आलं असतं असं तू म्हणशील. पण एवढी वर्षं कानाला ते यंत्र लावून बसले, आता कुणी सोन्याचा फोन दिला तरी कानाला लावणार नाही. पत्रच बरं.

झालं काय ते ऐक. तुझी भावजय माझे केस कापत होती. मान खाली, कात्री कानाजवळ. म्हणाली, हलू नका, पासपोर्टचा फोटो काढायचाय म्हणून कापतेय. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, हलू नका म्हटलं ना! मी परत नको म्हटलं. तिनं मान दुसरीकडे वळवली. असं करता करता केस संपले तेव्हा मी विचारत होते की तिकडे बोट असते का. तिनं मला विचारलंच नाही गं, मग मी नाही तरी कशाला म्हणू?

तिचं पार्लर सोमवार-मंगळवार बंद. लोक कामावर असतात, तेव्हा तिकिटं स्वस्त. एकेकच पिशवी, तीही सीटखाली मावेल एवढी, म्हणून उरलेले कपडे अंगावर. दोन स्वेटर, वर कोट, कोटाच्या खिशात मोजे आणि उकडलेली अंडी. विमानात बसले तेव्हा मी गुंडाळलेल्या गादीसारखी दिसत होते. तिकडे पर्यटकांच्या बोटीला ही रांग! धाकटीनं मला कामाला जाणाऱ्या माणसांच्या बोटीत घातलं. तेच पाणी, तेच पूल, तिकीट बसचं. जेवायला कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये. राहायला मुलांच्या वसतिगृहात, एकावर एक पलंग, आणि मी वरचा मागून घेतला. खालून धाकटी बडबडत होती, की पडलात तर तुमचा मुलगा मला घराबाहेर काढेल.

तू विचारायचीस हे खरं. पण बयो, पहिलं नको हे तोंडातून आपोआप निघतं. तू ते लगेच खरं धरायचीस. मी आतून वाट बघायचे आणि तू विषय बदलून यांच्या खोकल्यावर यायचीस.

यांना आशीर्वाद सांग. राग धरू नकोस.
माया आहे तशीच आहे, मोजायला बसू नये.
आई

•

ता. २४ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. आ.

आईच्या पत्रावरून तुमची सहल छान झाल्याचं कळलं. आनंद झाला.

काही गोष्टी तुला माहीत नसतील म्हणून कळवते. आईची रक्तदाबाची गोळी सकाळची आहे, परदेशात सकाळ कधीही होत असली तरी. तिला वरच्या पलंगावर चढू देणं हे शहाणपणाचं नाही. तिचा डावा गुडघा तू या घरात यायच्या आधीपासून दुखतोय. कोटाच्या खिशात अंडी नेणं मला तरी स्वच्छ वाटत नाही. आणि तिचे केस. आमच्या आईचे केस कमरेपर्यंत होते, ते मी लहानपणी विंचरायची. असो. कापून झाल्यावर बोलून काय उपयोग.

तुला हौस आहे, वेळ आहे, चांगलं आहे. आम्हाला सुट्ट्यांसाठी अर्ज करावे लागतात.

पुढच्या वेळी न्यायचं असलं तर निदान आधी मला कळवायला हवं, एवढीच अपेक्षा.

कळावे.
बयोताई

•

ता. ३ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि तुमच्या भावाला एकदा वाचून दाखवलं. ते म्हणाले, ताई चिडलीये. मी म्हटलं, छे, ताई गुडघ्याबद्दल लिहितायत. ते म्हणाले, ताई चिडली की गुडघ्याबद्दलच लिहिते.

गोळी सकाळी दिली होती. वरच्या पलंगाबद्दल माझंही तुमच्यासारखंच मत होतं, पण तुमच्या आई एकदा चढल्या की त्यांना उतरवायला शिडी नाही, अग्निशमन दल लागतं. केसांबद्दल मात्र सॉरी. त्यांनीच आणखी वर, आणखी वर असं करत मानेपर्यंत आणले. कापलेली वेणी त्यांनी कागदात बांधून ठेवलीय, तुमच्यासाठी असं म्हणाल्या.

तुम्ही म्हणालात आधी कळवा, म्हणून कळवते. मे महिन्यात, तिकडच्या सुट्टीची गर्दी उसळायच्या आत, मी आईंना त्या बंदराच्या शहरात न्यायचं म्हणतेय. आई एक्स्चेंजमध्ये असताना तिकडची एक बाई लाइनवर असायची म्हणे, जिला सगळ्या जणी बंदरवाली म्हणायच्या. ती ज्या इमारतीत बसायची ती अजून उभी आहे. लाल विटांची. खाली आता वाचनालय आहे आणि वरच्या मजल्यावर जुनी यंत्रं, पिना, खुर्च्या तशाच ठेवल्यायत. बघायला पैसे पडत नाहीत. आईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली कणसाचे दाणे काढायची सुरी खाली ठेवली आणि बराच वेळ उचललीच नाही. तुम्हीपण चला ना. तिघींना मिळून एक खोली होईल. चला ना वन्सं, मजा येईल. हत्यारं दोन दिवस तुमच्याशिवाय धुतली जातील. येता ना?

राग आला तरी पत्र पाठवत राहावं, म्हणजे घरात वाचायला काहीतरी असतं.
तुमची,
धाकटी

•

ता. १० मार्च

ती. स्व. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आज नमस्कार करून थेट मुद्द्यावर येते, कारण हे म्हणतायत की चिडून लिहू नकोस, उद्या लिही. उद्यापर्यंत मी थांबणार नाही.

बंदराचं शहर तिला कुणी सांगितलं? तूच ना? आई, ते शहर आपल्या दोघींचं होतं. शाळा सुटली की मी तुझ्या एक्स्चेंजच्या विश्रांतीच्या खोलीत दप्तर उशाला घेऊन पडायची. शिफ्ट संपायला आली की तू मला आत घ्यायचीस. बंदरवालीशी तू कुठल्या भाषेत बोलायचीस देव जाणे, अर्धी तिची, अर्धी कुणाचीच नाही. एकदा तिनं तिकडून तिचं बोलण्याचं यंत्र खिडकीत धरलं आणि तू तुझं ऐकायचं माझ्या कानाला लावलंस. बोटीचा भोंगा. मी केवढीशी होते! तू म्हणालीस, मोठी झालीस की आपण दोघी जाऊन बघू. धाकटा तेव्हा रांगत होता, आणि त्याची बायको तर जन्मालाही आली नव्हती.

केस घे, बोट घे, वरचा पलंग घे, तिला सगळं दे. हे देऊ नकोस. मला हे चांगल्या शब्दांत लिहिता येत नाही. मी जळतेय. झालं?

इथल्या सहल कंपनीची सगळ्यात चांगली सहल मी पाहून ठेवलीय. त्याच शहराची. चांगलं हॉटेल, दारापासून दारापर्यंत बस, बरोबर माहिती सांगणारा माणूस. कुठे अंडी खिशात घालून फिरायला नको. तुला कष्ट पडणार नाहीत. माझ्याबरोबर येशील का? तिच्याबरोबर नाही, माझ्याबरोबर. मी एकदाच विचारतेय.

तुझी,
बयो

•

ता. १५ मार्च

चि. बयोस,
अ. उ. आ.

येते.

नको म्हणायला तोंड उघडलं होतं, पण या वेळी पत्र होतं, त्यामुळे ते कुणाला ऐकू गेलं नाही. धाकटीला सांगितलं. म्हणाली, छान, वन्संना खिडकीची जागा देऊ नका, त्या काच पुसत बसतील. तिच्या थट्टेवर जाऊ नकोस, तिचं तोंड जरासं उतरलं होतं.

लाल इमारत बघू आपण. तू आणि मी.

यांना आशीर्वाद.
आई

•

ता. ११ मे

चि. सौ. धाकटीस,
अ. आ.

हॉटेलच्या कागदावर लिहितेय. खोलीत असे कागद फुकट ठेवतात, म्हणून दहा उचलून ठेवलेत. तू असतीस तर साबणही उचलला असतास. बयो खाली चौकशी करायला गेलीय की उद्याच्या नाश्त्यात मीठ कमी मिळेल का.

हॉटेल म्हणजे काय सांगू! पायाखाली गालिचा इतका जाड की बूट कुठे गेले ते शोधावे लागतात. बयोनं आल्या आल्या सगळे नळ स्पिरिटनं पुसले. माझी फार काळजी घेते गं. इतकी, की मला माझ्या शेवटच्या आजारपणात असल्यासारखं वाटतंय.

बस थांबते, माणूस झेंडा वर करतो, आम्ही खाली उतरतो, पुतळा बघतो, परत वर चढतो. बयो विचारते, चहा हवा का? मी म्हणते, नको. ती म्हणते, बरं. आणि खरंच आणत नाही! मग मी म्हणते, तू तरी घे. ती म्हणते, नको. मी म्हणते, बरं. दोघी सुकलेल्या तोंडानं बसमध्ये. काल दुपारी समुद्रावर बाक होता, तिनं विचारलं बसायचंय का, मी सवयीनं नको म्हटलं आणि मग तासभर उभ्या. मीच शिकवलंय, आता बोलू कुणाला? तू असतीस तर नको म्हणेपर्यंत कप हातात आला असता.

आता खरं दुखणं लिहिते. आज बस त्या चौकात थांबली. लाल इमारत समोर. अगदी समोर, रस्ता ओलांडला की दार. वरच्या खिडक्या उघड्या होत्या. झेंडेवाला म्हणाला, ज्यांना हे जुनं एक्स्चेंज बघायचंय त्यांनी इथे उतरा, चालत हॉटेलवर या, बाकीचे बागेत. बयोनं माझ्याकडे वळून विचारलं, उतरायचंय का? धाकटे, तिनं सहलीसाठी नवे बूट घेतलेत. टाचेला हा एवढा फोड आलाय. लपवत होती, पण बस हलली की खालचा ओठ दातात धरायची. तिथून हॉटेलपर्यंत चालायचं म्हणजे ती लंगडली असती आणि बोलली नसती. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, नक्की? नाही, नक्की असंसुद्धा म्हणाली नाही. बरं म्हणाली. आणि बस निघाली. मी मान वळवून बघत राहिले.

हे तिला सांगू नकोस. तिनं किती हौसेनं आणलंय मला.

तुमच्या दोघांच्या संसारावर माझी नजर आहेच, ती चांगली असू दे.
आई

•

ता. २६ मे

चि. सौ. धाकटीस,
अ. आ.

पार्लर कसं चाललंय? धाकट्याची पाठ कशी आहे? हे विचारून झालं. आता ज्यासाठी लिहितेय ते लिहिते.

सहल झाली. सगळं वेळेवर झालं. आईला कुठेही त्रास झाला नाही, सर्दीसुद्धा नाही. येताना विमानतळावर तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, फार छान झालं बयो, केवढं केलंस माझ्यासाठी. मी घरी आले आणि या वाक्याचा विचार करत बसले. यांना विचारलं, याचा अर्थ काय? हे म्हणाले, छान झालं याचा अर्थ छान झालं. या माणसाबरोबर मी आयुष्य काढलंय.

तुझ्याबरोबर ती हसते, धाकटे. माझ्याबरोबर ती आभार मानते. तुझ्या फोटोत तिची अक्कलदाढ दिसते. माझ्या फोटोंत ती शाळेच्या बक्षीस समारंभाला आल्यासारखी उभी आहे. मी फोटो मोठे करकरून पाहिले. लाल इमारतीच्या चौकात मी तिला विचारलं, उतरायचंय का, तर नको म्हणाली! ज्याच्यासाठी आम्ही गेलो तेच नको. मला वाटलं, माझ्याबरोबर नको असेल. तुझ्याबरोबर बघायचं म्हणून राखून ठेवलं असेल. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. मी तुझा हेवा करते. लिहून टाकलं. वयानं मोठ्या नणंदेनं असं लिहू नये, पण मनात ठेवून ते सडायला लागलंय आणि सडलेलं मी कुठे ठेवत नाही.

तू काय करतेस ते सांग. खरंच विचारतेय. तिला हसवायला काय करायचं?

बयोताई

•

ता. १ जून

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

आईंनी मला एक गोष्ट तुम्हाला सांगू नकोस म्हणून सांगितलंय. पण मी कुणाचं पहिलं नको ऐकत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच, तेव्हा सांगते.

त्यांना उतरायचं होतं हो वन्सं. जीव अर्धा खिडकीबाहेर होता त्यांचा. तुमच्या टाचेचा फोड त्यांना दिसला आणि त्यांनी नको म्हटलं. बस्स, एवढंच. राखून वगैरे काही ठेवलेलं नाही. तुम्ही दुखतंय म्हणाला नाहीत, त्या बघायचंय म्हणाल्या नाहीत, आणि बस बिचारी काय करणार, निघाली.

मी काय करते विचारलंत. मी चारदा विचारते. आमच्या माहेरी सात भावंडं, तिथे नको म्हणणाऱ्याचं ताट लगेच दुसरा ओढून घेतो, म्हणून कुणी लाजत नाही आणि ज्याला ताट सोडायचं असतं तो ओरडून सांगतो. तुमच्याकडे आले तेव्हा पहिले सहा महिने मी उपाशी होते. मग शिकले. यात हुशारी काही नाही, निव्वळ भोचकपणा आहे.

आणि आता तुम्ही लिहिलंत तर माझंही ऐका. फेब्रुवारीत आमच्या सहलीत माझे पाय सुजून भोपळा झाले होते. चपला हातात घेऊन चालत होते मी. आईंना म्हटलं, जरा टेकूया का? म्हणाल्या, चल गं, बसून काय दिसणार! आणि पुलावर चढल्या. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. तुमच्या एका फोडासाठी त्यांनी त्यांची आयुष्यभराची इमारत सोडली. ती माझ्यासाठी सोडली नसती. आईंचं हॉटेलातलं पत्र वाचलं त्या दिवशी मी पार्लरमध्ये एका बाईचे केस ठरल्यापेक्षा चार बोटं वर कापले. तेव्हा हेव्याचं म्हणाल तर इकडेही भरपूर आहे, लागला तर कळवा.

दोघींचा हेवा सारखाच असेल तर लोभही वाटून घेऊ या.
तुमची,
धाकटी

•

ता. ९ जून

चि. बयोस,
अ. उ. आ.

धाकटीनं सांगू नकोस म्हटलेलं सांगितलं, हे तिनंच मला सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही. टाच कशी आहे?

सप्टेंबरात तिकिटं पुन्हा उतरतात म्हणे. ती म्हणते, तिघी जाऊ. बस नाही, झेंडा नाही, जुने बूट. येतेस का?

आई

•

ता. १७ जून

ती. स्व. आईस,
शि. सा. न. वि. वि.

टाच बरी आहे.

आई, नको. तुम्ही दोघी जा. तू लगेच म्हणशील की बयो रुसली. रुसले नाही, पण खोटंही लिहीत नाही. त्या इमारतीत तू पहिलं पाऊल टाकशील तेव्हा वळून कुणाशी तरी बोलशील, आणि तुझ्या सवयीनं तू तिच्याशी बोलशील. ती काहीतरी आचरट बोलेल, तू हसशील, आणि मी मागे तिघींच्या पिशव्या सांभाळत उभी असेन. ते बघायला मला जमणार नाही. मी काही मोठ्या मनाची नाही. माझं मन माझ्या ट्रेएवढंच आहे, त्यात ठरलेलं तेवढंच मावतं.

फोड बघून तू नको म्हणालीस हे कळल्यावर मी खूप रडले. हे घाबरून शेजारणीला बोलवायला निघाले होते. तू मला विचारायला हवं होतंस, बयो दुखतंय का. आणि मी तुझ्या तोंडाकडे नीट बघायला हवं होतं. पण आपल्याला ते येत नाही, आणि मधे धाकटी असल्याशिवाय येणार नसेल तर मला ते तसं नकोच.

तू मात्र जाच. यांनी नवीन मत मांडलंय की तुला चाकांची पिशवी घ्यावी. ऐकू नकोस, सीटखाली मावत नाही. माझं हे नको खरं आहे, ते खरं धर.

पाया पडते.
बयो

•

ता. २२ जून

चि. बयोस,
अ. उ. आ.

तुझं नको पोचलं. खरं आहे म्हणतेस. माझं प्रत्येक नको मलासुद्धा खरं वाटायचं.

तुझ्याबरोबर मी हसत नाही असं तू धाकटीला लिहिलंस, ते तिनं मला वाचून दाखवलं. बरोबर पकडलंस. धाकटीबरोबर मी एक म्हातारी आहे, बस्स. टोपी उडाली तर उडाली. तुझ्याबरोबर मी आई असते, मग मला बोटी दिसत नाहीत, पूल दिसत नाहीत, तुझी टाच दिसते. तुझे डोळे सुजलेत का, तू जेवलीस का, हे दिसतं. ते मला बंद करता येत नाही आणि करायचंही नाही. त्याला तू आभार म्हणतेस. वेडी आहेस.

इमारतीत मी कुणाकडे वळून बोलेन ते मला माहीत नाही. कदाचित मला बोलताच येणार नाही. तेव्हा माझ्याजवळ उभं राहायला मला तू हवी आहेस. तू नसलीस तर मी जिना चढणार नाही, खाली वाचनालयात मासिकं चाळत बसेन, आणि हे धमकी म्हणून लिहितेय असं समज.

मी आयुष्यात कुणालाही एकच गोष्ट दोनदा विचारली नाही. ड्यूटीवर तर विचारलंच नाही, चूक म्हणून नोंद झाली असती. आता विचारते. बयो, येतेस का?

धाकटी मागे उभी राहून हे वाचतेय. म्हणते, दोनदानं काय होतंय, चारदा विचारा. मी म्हटलं, ती माझी मुलगी आहे, तिला दोनदा पुरे. तर तोंड एवढंसं करून आत निघून गेलीय. आता तिची समजूत काढायला जाते.

तुझी,
आई